उपचार आधी, कार्ड नंतर

आज 9 ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर तारप्याच्या सुरावर मिरवणुका निघतील. 1945 साली झरीच्या सभेतून उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्याची आठवण निघेल, आणि निघायलाच हवी. पण हेच दिवस साप निघण्याचेही आहेत. आवणी उरकून बेणणी चालू आहे आणि रात्री घरोघर जमिनीवर अंथरुणे पडत आहेत.

मण्यार चावल्याचे कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष मोफत मिळते. तिथवर विम्याचा प्रश्नच येत नाही. तो येतो श्वास मंदावल्यावर. व्हेंटिलेटर लागणार, मोठ्या रुग्णालयात हलवा, असे डॉक्टर सांगतात. 108 ची गाडी येते. तिकडे पोहोचल्यावर पहिला सवाल होतो, ‘कार्ड आणलंय का?’ रेशनकार्ड मात्र पाड्यावर, कुडाच्या भिंतीला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत असते. त्यावर नाव ‘सोमी’, आधारवर ‘सोमीबाई’. सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर. बाळाचे तर कुठेच नाही.

राज्याने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली. 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडली गेली. जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाखांचे संरक्षण मिळाले आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही योजनेत आली. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करावेत आणि कागद मागाहून द्यावेत, ही सोयही योजनेत पहिल्यापासून आहे. पण ती वापरायची कोणी? नातेवाइकाला तिची माहिती नसते. ज्याला असते, तो रुग्णालयातला योजनेचा आरोग्यमित्र रात्री दोन वाजता खिडकीशी असेलच असे नाही. मग मोटारसायकल पाड्याकडे धावते, नाहीतर सावकाराकडे.

इथे दुसरी एक अडचण आहे, ती मुंबईत बसून दिसत नाही. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सव्वाशे किलोमीटर. तलासरीहून आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात लागतो, आणि पलीकडे वापी, वलसाड, सेलवास. इथला माणूस रोजगारासाठी तिकडेच जातो, तेव्हा जीव वाचवायलाही तिकडेच धावतो. केंद्राच्या योजनेत पात्र ठरलेल्या कुटुंबाला देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत उपचार मिळतात. जे केवळ राज्याच्या योजनेत आहेत, त्यांना मात्र राज्याच्या यादीतलेच रुग्णालय गाठावे लागते. म्हणजे एकाच पाड्यावरच्या दोन घरांपैकी एकाचे कार्ड नाक्यापलीकडे चालते, दुसऱ्याचे चालत नाही. हा फरक कार्ड हाती देतानाच समजावून सांगायला हवा. त्याहून बरे म्हणजे सीमेलगतच्या तालुक्यांसाठी राज्याने शेजारच्या मोठ्या रुग्णालयांना आपल्या यादीत घ्यावे. ही मागणी अवास्तव नाही. जवळचे रुग्णालय गाठणे हा आजारी माणसाचा गुन्हा होऊ शकत नाही.

खासगी विमा घेतलेल्या शिक्षकांचा किंवा चिकूच्या बागायतदारांचा जाच वेगळा, विमा कंपनीच्या मंजुरीची वाट पाहण्याचा. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देणे विमा कंपनीवर बंधनकारक केले आहे. हे ठाऊक असेल तर काउंटरवर ठामपणे बोलता येते.

आणि कार्ड, पॉलिसी, पैसे यांतले काहीच हाती नसले तरी? सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले, की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. धर्मादाय रुग्णालयांनीही तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे आहेत. कायदा इतका स्पष्ट असताना रुग्णाला कागदांसाठी ताटकळत ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

तरीही कागद तयार असलेला बरा, आणि तो तयार करायची वेळ आजारपणाआधीची. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात; इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याचे बळ आहे. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर आणि बोटींवर जातो, तेव्हा घरात माणूसही सापडत नाही आणि कागदही. म्हणून येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच विषय पहिला घ्या. कोणाचे आयुष्मान कार्ड निघालेले नाही, कोणाचे नाव जुळत नाही, कोणते बाळ रेशनकार्डावर चढलेले नाही, याची पाडावार यादी करा. ग्रामसेवक, आशाताई आणि रेशन दुकानदार यांना समोर बसवून प्रत्येक नावापुढे तारीख मागा. रुग्णवाहिकेचा 108, राज्याच्या योजनेचा 155388 आणि आयुष्मान योजनेचा 14555 हे तीन क्रमांक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.