विश्लेषण : सुट्टीत एसटी परवडते, मग सिनेमा का नाही?

उन्हाळी सुट्टी म्हणजे गावाकडचा प्रवास आणि एखादा तरी सिनेमा. यातील प्रवास आवाक्यात आला आहे. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे.

सिनेमाचे काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्यापुढील तिकिटांवर मात्र १८ टक्के कायम आहे. म्हणजे १०० रुपयांच्या तिकिटांवर चौघांचे २८ रुपये वाचतात. पण मूळ दर २५० रुपये असेल, तर चौघांना नुसता कर १८० रुपये पडतो.

शहरातील मल्टिप्लेक्समध्ये सुट्टीच्या दिवशी शंभरीतील तिकीट सहसा मिळत नाही. ते मिळते तालुक्याच्या एकपडदा चित्रपटगृहात, आणि नेमकी तीच बंद पडत आहेत. सवलत आहे, ती घ्यायला चित्रपटगृहच नाही. एसटीची सवलत उपयोगी ठरली, कारण गावापर्यंत गाडी जाते. सिनेमालाही हाच न्याय हवा. करकपातीइतकेच एकपडदा चित्रपटगृहे टिकवणे महत्त्वाचे आहे. अन्यथा सुट्टीत गावी गेलेल्या कुटुंबाचा सिनेमा मोबाइलवरच उरकेल.