‘मराठीत काही नाही’ हे पालुपद आता पुरे

सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, ‘सरकारला आमच्या शाळा नकोच आहेत.’ दुसरे, जरा हळू आवाजात, ‘आणि खरे सांगायचे तर मराठीत शिकवायला आता आहे तरी काय? महाजालावर पाहावे ते इंग्रजीत.’ पहिल्या वाक्यासाठी आपण मोर्चे काढले, दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. दुसऱ्या वाक्याविरुद्ध मात्र कोणी ब्र काढला नाही. माझे म्हणणे असे आहे की मराठी वर्ग ओस पाडण्याचे निम्मे काम हे दुसरे वाक्यच करते, आणि ते वाक्य असत्य आहे.

असत्य हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. पुरावा पाहा. बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावर मराठी माध्यमाचे पाठ, दृक्श्राव्य धडे आणि सराव प्रश्न आहेत. तेथे मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडायची असते, निवडणारा बेळगावचा की बार्शीचा याने दार बंद होत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातील विज्ञान-गणिताची अनेक प्रतिरूपे मराठीत उपलब्ध आहेत. त्यांत मूल पडद्यावर तार, बॅटरी आणि दिवा जोडून विद्युत परिपथ स्वतः बांधते. चूक झाली तर दिवा लागत नाही, एवढेच. भूमितीसाठी ‘जिओजिब्रा’ मराठीतून वापरता येते. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. फळ्यावरच्या स्थिर आकृतीला हे दाखवता येत नाही.

आणखी पुढे जाऊ. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर लहान मुलांसाठी मराठी गोष्टींची सचित्र पुस्तके आहेत, वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेली. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याच्या चित्रफिती आणि शेकडो पुस्तके विनामूल्य आहेत. त्यांतील मराठी पुस्तकांवरच एखाद्या शाळेचे ग्रंथालय उभे राहील. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश महाजालावर खुला आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दवार शोधता येतात. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणक शिकवणारे धडे मराठी निवेदनासह आहेत. इतके डोळ्यांसमोर असताना ‘मराठीत काही नाही’ म्हणणे हे अज्ञान असेल तर दूर करता येईल. ती सबब असेल, तर तिचा समाचार घेतला पाहिजे.

पहिली सबब अभ्यासक्रमाची. ‘हे सारे महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे आहे, आमच्या मुलांची परीक्षा कर्नाटक मंडळाची.’ ही अडचण खरी आहे, आणि सीमाभागातील मराठी शाळेचे खरे दुखणेही हेच. तिचा अभ्यासक्रम एका राज्याचा आणि तिची भाषा दुसऱ्या राज्याची. एका बाजूची साधने भाषेत बसत नाहीत, दुसऱ्या बाजूची क्रमात बसत नाहीत. परंतु अपूर्णांकांची बेरीज निपाणीत एक आणि कागलात दुसरी होत नाही. प्रकाशाचे परावर्तन सीमारेषेवर दिशा बदलत नाही. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र वगळा. गणित आणि विज्ञान यांचा गाभा एकच आहे. फरक आहे तो धड्यांच्या क्रमाचा आणि इयत्तेचा. तेव्हा गरज आहे ती नव्या सामग्रीची नव्हे, तर जुळणीच्या तक्त्याची: कर्नाटकाच्या पुस्तकातील अमुक धडा, त्यासाठी तमुक मराठी चित्रफीत, तमुक प्रतिरूप, तमुक सराव. पाचवी ते दहावीचे हे काम दहा जाणते शिक्षक एका उन्हाळी सुट्टीत करू शकतील. आपल्या इतक्या संस्था, इतकी मंडळे आणि इतकी संमेलने. हा तक्ता करण्याचा ठराव त्यांतल्या कोणाच्या अजेंड्यावर आहे?

दुसरी सबब कायद्याची, म्हणून ती मला अधिक झोंबते. ‘दुसऱ्याचे साहित्य छापून वाटले तर प्रताधिकाराच्या खटल्यात अडकू.’ प्रताधिकार अधिनियम, १९५७ याचे कलम ५२(१)(झ) वाचावे; इंग्रजी प्रतीत ते आय या अक्षराखाली सापडेल. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हे प्रताधिकाराचे उल्लंघन मानले जात नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या छायाप्रतींच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ उदारपणे लावला. याचा अर्थ संपूर्ण पुस्तके छापून बाजारात विकावीत असा नाही. वर्गासाठी पानाची प्रत काढणाऱ्या शिक्षकाने भिण्याचे कारण नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ‘फेट’ची प्रतिरूपे आणि ‘स्टोरीवीव्हर’वरील पुस्तके मुक्त परवान्याखाली आहेत. श्रेय द्या आणि वापरा, भाषांतर करा, छापा, असे मालकच सांगतो आहे. दार उघडे असताना कुलपाची भीती कशाला?

तिसरी सबब साधनांच्या अभावाची. खानापूरच्या जंगलपट्ट्यात सिग्नल लागत नाही हे मान्य. पण ‘फेट’ची प्रतिरूपे एकदा उतरवून घेतली की जोडणीवाचून चालतात. ‘किविक्स’ या विनामूल्य प्रणालीने मराठी विकिपीडिया संपूर्ण उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतो. तालुक्याच्या गावी एकाने उतरवावे आणि दहा शाळांना द्यावे. प्रत्येक मुलाच्या हाती टॅब हवा हा विकणाऱ्यांचा आग्रह आहे. शिक्षकाचा एक संगणक आणि भिंतीवर पडणारा प्रकाश एवढ्यावर वर्ग चालतो.

साधनांची तरफदारी करताना डोळे मात्र उघडे हवेत. यंत्राने केलेले भाषांतर वर्गात जसेच्या तसे नेऊ नये. गणितातल्या ‘पॉवर’चे ‘शक्ती’ आणि विजेच्या ‘करंट’चे ‘वर्तमान’ झाले, तर मूल घातांक आणि विद्युतधारा यांना कायमचे मुकेल. केंद्र सरकारचा २०२२ पासूनचा ‘भाषिणी’ प्रकल्प असो वा खाजगी कंपन्यांची यंत्रे, त्यांचे भाषांतर हा कच्चा मसुदा समजावा. त्यावर शिक्षकाची लेखणी फिरलीच पाहिजे. आणि जे ॲप मुलाचे नाव, छायाचित्र, वडिलांचा दूरध्वनी मागते, त्यापासून सावध राहावे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ९ ने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत मुलाच्या माहितीने चुकवायची नसते. वर उल्लेखिलेली बहुतेक साधने खाते न उघडताही वापरता येतात, हे त्यांच्या निवडीमागचे एक कारण आहे.

आता राज्याच्या कर्तव्याकडे येतो. साधने सापडली म्हणून सरकार सुटले असे कोणी समजू नये. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सुविधा देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. १९५६ साली पुरेशी सुविधा म्हणजे खोली, फळा, पुस्तक आणि मास्तर. आज शेजारच्या वर्गात कन्नड किंवा इंग्रजी मूल पडद्यावर प्रयोग पाहत असेल आणि मराठी मूल केवळ वर्णन ऐकत असेल, तर त्या सुविधेला पुरेशी म्हणता येणार नाही. राज्य जी डिजिटल सामग्री इतर माध्यमांसाठी करते, ती तिच्याच अभ्यासक्रमाच्या मराठी माध्यमासाठीही केली पाहिजे. ही मागणी भावनेची नाही, घटनेच्या शब्दांतून निघणारी आहे.

ती लेखी मागावी, आणि मराठीतच मागावी. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. कर्नाटकात मराठी वापरली जाते हे सिद्ध करायला आपल्याला साक्षीदार शोधावे लागणार नाहीत. कोणत्या माध्यमासाठी डिजिटल सामग्रीवर किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. मात्र तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेतच करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. नकाराची एक तारखेसह पावती शंभर घोषणांहून न्यायालयात जड भरते.

महाराष्ट्र शासनालाही दोन शब्द. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. सीमाभागावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे. ज्या गावांवर आपण हक्क सांगतो, त्या गावांतील मराठी वर्गासाठी अभ्यासक्रमाची जुळणी करून देणे हे तर कोणत्याही निकालाची वाट न पाहता करता येण्यासारखे काम आहे. त्याला कोणाचा स्थगिती आदेश आड येतो?

सर्वांत अप्रिय गोष्ट शेवटी सांगतो. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निर्णय दिला की मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकाचा. या निकालाने आपल्यावर कन्नड माध्यम लादता येत नाही, हे खरे. पण आपल्या शेजाऱ्याला मराठी शाळेत आणण्याची सक्तीही कोणी करू शकत नाही. पालकाला वर्गाच्या दारातच जिंकावे लागेल. आपले मूल मराठीतून परिपथ बांधते आहे, विश्वकोश उघडते आहे, भूमिती हाताने हलवून पाहते आहे, हे पालकाने पाहिले तर तो थांबेल. नाही तर व्यासपीठावर मराठीचा जयजयकार करून तो घरी जाईल आणि जूनमध्ये मुलाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवील. व्यासपीठावरील काही पुढारीही तेच करतात, हे लोकांना दिसत नाही असे नाही.

गोव्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांना पटसंख्येचाच घोर आहे. तेथेही हाच उपाय लागू पडतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आप्तांची गोष्ट निराळी. तेथे मराठी बहुतांशी घराच्या उंबऱ्याआड उरली. त्यांनी रोज संध्याकाळी एक मराठी गोष्ट पडद्यावर मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली, तरी लिपी पुढच्या पिढीत जाईल.

सीमाबांधवांना माझी सूचना एवढीच. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत प्रत्येक तालुक्यात पाच शिक्षकांचा एक गट व्हावा, एका विषयाचा एक तक्ता त्याने पुरा करावा आणि तो सर्वांसाठी खुला ठेवावा. विज्ञान निपाणीने घ्यावे, गणित खानापूरने, बेळगावने दोन्ही तपासावेत. पुढल्या १ नोव्हेंबरच्या फेरीत निषेधाच्या फलकासोबत तो तक्ताही हाती असू द्या.