चांदी जाणार, मग दाढेत काय भरायचे?

दाढ किडली की 'चांदी भरून घ्या' असा सल्ला महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्पिढ्या दिला गेला. या 'चांदी'चा जवळपास निम्मा भाग पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे यांची भुकटी. दंतवैद्यकाच्या परिभाषेत हे अमलगम. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे मिनामाता कराराच्या सदस्यराष्ट्रांनी २०३४ पर्यंत या मिश्रणाचा वापर संपुष्टात आणण्याचे ठरविले. भारताने २०१८ मध्येच या करारास मान्यता दिली असल्याने हा निर्णय दूरच्या कुणासाठी नाही. तेव्हा प्रश्न साधा आहे: चांदीच्या जागी काय, आणि ते कुणी, कोणत्या कसोटीवर ठरवायचे?

बंदीचे कारण मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण त्याबाबत बराच गैरसमज आहे. जपानमधील मिनामाता येथे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा मासळीवाटे माणसांच्या मेंदूपर्यंत पोहोचला. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याच गावाचे नाव धारण करणारा करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याचा रोख पाऱ्याच्या साऱ्या प्रवासावर आहे. दातातील पाराही या प्रवासातून सुटत नाही. दवाखान्याच्या चूळपात्रातून खरवडलेले कण गटारात जातात, आणि माणूस गेल्यावर दाहिनीच्या उष्णतेत दाढेतील पाऱ्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते. ज्या समाजात दहनाची प्रथा सर्वदूर आहे, तेथे या दुसऱ्या वाटेचा विचार फारसा झालेला नाही, हे विशेष.

रुग्णाच्या प्रकृतीचा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये ५३४ व पोर्तुगालमधील लिस्बनमध्ये ५०७ मुलांवर झालेल्या दोन दीर्घ चाचण्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. चांदी भरलेल्या आणि न भरलेल्या मुलांच्या बुद्धिमत्तेत वा स्मरणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही पर्याय उपलब्ध असताना जोखीम कशाला, या भूमिकेतून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती, स्तनदा माता, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे विकार असलेले रुग्ण यांच्यासाठी शक्यतो अन्य साहित्य वापरावे, असे सुचविले. त्याच सूचनेत चांगल्या स्थितीतील जुनी चांदी केवळ भीतीपोटी काढू नये, असेही बजावले आहे. काढताना ड्रिलखाली पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि दाताचा निरोगी भागही जातो. 'विषमुक्त दात' अशा जाहिराती करून धडधाकट चांदी उकरून काढणे हा व्यवसाय आहे. त्याला उपचार म्हणणे कठीण. (हा वादही नवा नाही. १८४० च्या दशकात अमेरिकेतील दंतशल्यविशारदांच्या संघटनेने सभासदांकडून अमलगम न वापरण्याची शपथच घेतली होती. पुढे संघटना विसर्जित झाली, अमलगम टिकले.)

ते का टिकले, याचे उत्तर बदलाच्या केंद्रस्थानी आहे. अमलगम क्षमाशील आहे. खळगा पुरता कोरडा नसला, हात थोडा घाईत असला, रुग्णाची जीभ मध्ये आली, तरी ते निभावून नेते. त्याची जागा शहरांत ज्याने बव्हंशी घेतली आहे, ते दाताच्या रंगाचे कंपोझिट रेझिन मात्र तसे नाही. त्यासाठी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरबरीत करावा लागतो, त्यावर चिकटद्रव्य लावावे लागते, दोनेक मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करावा लागतो. घट्ट होताना हे साहित्य साधारण दोन ते तीन टक्के आकुंचन पावते. मध्ये लाळेचा थेंब पडला किंवा दिव्याचा प्रकाश क्षीण असला, तर काठाशी फट राहते आणि तेथूनच कीड पुन्हा शिरते. लिस्बनच्या मुलांमधील भरणीचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब बोलका आहे: सात वर्षांपर्यंतच्या पाहणीत अमलगमच्या ९४.४ टक्के भरण्या टिकल्या, तर कंपोझिटच्या ८५.५ टक्के. कंपोझिटखाली पुन्हा कीड लागण्याचा धोका साडेतीन पट. त्यानंतर रेझिन व चिकटद्रव्ये सुधारली, हे मान्य. पण लाळ सुधारलेली नाही.

येथेच साहित्याच्या मूल्यमापनाची खरी अडचण दिसते. प्रयोगशाळेतील निकष आहेत. कंपोझिटसाठी आयएसओ ४०४९ हे मानक चावण्याच्या पृष्ठभागावरील साहित्याची वाकण्याची ताकद किमान ८० मेगापास्कल मागते. जैविक सुरक्षिततेसाठी आयएसओ ७४०५ व १०९९३ आहेत. हे निकष साहित्य निकृष्ट नाही एवढे सांगतात; ते दाढेत दहा वर्षे राहील काय, हे सांगत नाहीत. ते उत्तर रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करूनच मिळते, आणि तोवर विक्रेत्याच्या बॅगेत त्या उत्पादनाची पुढची आवृत्ती आलेली असते. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये दंतसाहित्यही नियमनाखाली आले. 'अ' व 'ब' वर्गासाठी ऑक्टोबर २०२२ पासून आणि 'क' व 'ड' वर्गासाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. पाऊल स्वागतार्ह आहे. पण परवाना म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे, हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

तिसरा पर्याय ग्लास आयोनोमर सिमेंटचा. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन व केंट यांनी ते विकसित केले आणि १९७२ मध्ये जगापुढे मांडले. ते दाताशी रासायनिकरीत्या जुळते, थोडे फ्लोराइड सोडत राहते आणि ओलाव्याशी त्याचे वैर कंपोझिटइतके नाही. टांझानियात १९८० च्या दशकाच्या मध्यास वीज व ड्रिलशिवाय, केवळ हातातील अवजारांनी कीड काढून खळगा बुजविण्याची जी पद्धत रुजली, ती पुढे याच सिमेंटच्या जोरावर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. दुधाच्या दातांसाठी, लहान खळग्यांसाठी, वृद्धांच्या मुळांवरील किडीसाठी ते उत्तम. चावण्याचा सारा भार पेलणाऱ्या, दोन-तीन बाजूंनी पोखरलेल्या दाढेत मात्र ते झिजते, तुटते. दुर्दैवाने आपल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागांत येणारी दाढ बहुधा हीच असते, कारण दुखेपर्यंत कुणी येत नाही.

खासगी दवाखान्यांत चांदी कधीच मागे पडली आहे. तेथील रुग्णाला पांढरी दाढ हवी असते आणि तो तिचे पैसे मोजतो. बदलाचा भार पडणार आहे तो शासकीय व पालिका रुग्णालयांवर, शिकाऊ डॉक्टरांच्या खुर्च्यांवर आणि रोजंदारी बुडवून आलेल्या माणसावर. कंपोझिटला वेळ अधिक लागतो, साहित्य महाग पडते, शिवाय रबर डॅम, शोषणयंत्र आणि नियमित तपासलेला दिवा लागतो. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयांतील दंत विभागांसाठी साहित्य खरेदी करताना निविदेत केवळ किंमत पाहिली गेली, तर स्वस्त कंपोझिट घाईने भरले जाईल आणि तीच दाढ काही वर्षांत रूट कॅनलसाठी किंवा उपटण्यासाठी परत येईल. युरोपीय महासंघाने १ जानेवारी २०२५ पासून अमलगमचा वापर थांबविला, तेव्हा त्याआधीची साडेसहा वर्षे टप्प्याटप्प्याने तयारी झाली होती: २०१८ पासून मुले व गर्भवतींसाठी मनाई, २०१९ पासून दवाखान्यात पारा अडविणारी गाळणी सक्तीची. तरीही चेक प्रजासत्ताक व स्लोव्हेनियाने गरीब रुग्णांचे कारण देऊन जून २०२६ पर्यंतची मुदत मागून घेतली.

रुग्णाच्या हाती यात काय आहे? आज बिलावर बहुधा 'फिलिंग' एवढाच शब्द असतो. साहित्याचा प्रकार, उत्पादकाचे नाव आणि तुकडी क्रमांक केसपेपरवर लिहून देणे दंतवैद्याला जड नाही. झिर्कोनियाच्या कॅपसोबत हमीपत्र देणारे दवाखाने तेवढ्याच सहजतेने हेही देऊ शकतात. निकेलची अॅलर्जी असलेल्या व्यक्तीला धातूच्या कॅपमध्ये कोणता मिश्रधातू आहे, हे आधीच कळणे तर आवश्यकच. सात वर्षांनी भरणी पडली, तर ती साहित्यामुळे पडली की हातामुळे, याचा छडा लावायला तेवढी एक ओळ पुरेल. सध्या ती ओळ बहुतेक केसपेपरांवर नसते.