वाढवून सांगितलेले वय

वय चोरणारी माणसे आपण पुष्कळ पाहतो. पण ती वय कमी सांगतात. टॉमी रिकेट्सने ते वाढवून सांगितले. सप्टेंबर १९१६ मध्ये न्यूफाउंडलंडच्या एका कोळ्याचा हा पोरगा पलटणीत भरती व्हायला गेला, तेव्हा पंधरा वर्षे पुरी होऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. त्याने खुशाल अठरा सांगितले. सहीच्या जागी फुली मारली; लिहिता कुठे येत होते!

भरती करणाऱ्या साहेबाला हे कळले नसेल? पण त्याच वर्षी १ जुलैला फ्रान्समधील बोमाँ-हामेल येथे या पलटणीचे सुमारे ८०० जवान चढाईला गेले आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला अवघे ६८ उभे राहिले. जागा भरायच्या असल्या म्हणजे मिसरूड कोण पाहतो? शेजारच्या कॅनडाच्या फौजेतही अशी वीसेक हजार पोरे शिरली होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

टॉमीचा भाऊ जॉर्ज त्याच पलटणीत होता. १९१७ च्या अखेरीस कांब्रेच्या लढाईत तो कामी आला. टॉमीही जखमी झाला. बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला.

१४ ऑक्टोबर १९१८ रोजी बेल्जममध्ये लेडेगेमजवळ जर्मन तोफखान्याने पलटण रोखून धरली. टॉमी आणि त्याचा नाईक लुईस मशीनगन घेऊन बगलेने पुढे सरकले. तोफा ३०० यार्डांवर असताना गोळ्या संपल्या. टॉमी गोळीबारातून १०० यार्ड मागे धावला, गोळ्या घेऊन परतला आणि त्याने शत्रूला हुसकावले. चार तोफा हाती लागल्या. टॉमीला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, फ्रान्सनेही ‘क्रॉ द गेर’ दिले. तेव्हा त्याचे खरे वय होते सतरा!

जानेवारी १९१९ मध्ये खुद्द पंचम जॉर्ज बादशहांनी त्याच्या छातीवर क्रॉस लावला. घरी परतल्यावर हा वीर काय करतो? शाळेत जातो! पुढे रिकेट्स औषधविक्रेते झाले. सेंट जॉन्स शहरात त्यांनी दुकान थाटले. लढाईची गोष्ट काढली की ते गप्प होत. १९६७ मध्ये त्या दुकानातच त्यांना मृत्यू आला.

न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात सामील झाले. २००३ मध्ये त्यांच्या पत्नीने ती पदके ओटावाच्या युद्धसंग्रहालयाला दिली. क्रॉसच्या मानपत्रात यार्ड मोजले आहेत, तोफाही मोजल्या आहेत. पोराचे वय तेवढे कुणी लिहिलेले नाही.