कोंबडखत आणि नत्राचा हिशेब

कुक्कुटपालनाच्या शेडवरून जाताना जो उग्र दर्प येतो तो अमोनियाचा. नाकाला तो उपद्रव वाटतो. हिशेब ठेवणाऱ्यास मात्र त्यात गळती दिसावयास हवी. हवेत विरणारे ते नत्र पेंड आणि मक्यापोटी रोख पैसे मोजून शेडमध्ये आणलेले असते, आणि तेच नत्र शेतकरी पुढे युरियाच्या पिशवीतून पुन्हा विकत घेतो.

कोंबडीच्या विष्ठेत नत्राच्या मानाने कर्ब फार थोडा, जेमतेम दहापट. खत कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना तो पंचवीस ते तीसपट लागतो. कमी पडला की जादा नत्र वायुरूपाने निघून जाते. उलट उसाच्या पाचटात कर्ब नत्राच्या शंभरपटीच्या आसपास असतो. मांसल कोंबड्यांच्या शेडमध्ये भाताचे तूस मुळातच अंथरलेले असते, पण अंड्यांच्या पिंजऱ्यांखाली निव्वळ विष्ठा साचते आणि खरी गरज तेथेच आहे. कोरड्या वजनाने एक भाग विष्ठेस दोन भाग पाचट, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. पाचटाच्या तुकड्यांमुळे ढिगात हवा खेळते. मूठ दाबली असता हात ओलावेल पण पाणी ठिबकणार नाही इतकी ओल राखली, तर ढीग 55 अंशांवर तापतो. वरखाली करून सर्व भागांस ही उष्णता तीन दिवस मिळाली की बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. थोडे नत्र याही वाटेने उडते, हे मान्य केले पाहिजे.

यात नवे काही नाही. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेण व काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसविली आणि 1931 साली ती ग्रंथरूपाने मांडली. तेथे पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातील रस्त्यांवर पसरून रहदारीखाली चिरडून घेत. यंत्र नव्हते म्हणून काम अडले नाही!

मग आज ते का अडते? 2018 साली युरियाची पिशवी 45 किलोची झाली, तेव्हा तिची किंमत सुमारे 266 रुपये होती; म्हणजे नत्र किलोस तेरा रुपयांच्या आत. खरा खर्च याच्या कित्येक पट, तो सरकारी तिजोरी सोसते. इतक्या स्वस्त नत्रापुढे ढीग उलथण्याची मजुरी कोण देईल? शिवाय पाचट हलके आणि फुगीर. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. ज्याच्याकडे विष्ठा आहे त्याच्याकडे बहुधा ऊस नाही, आणि ऊसवाला पाचटास काडी लावून मोकळा होतो. त्याची बचत होते. धूर आणि माश्या गावाच्या वाट्यास येतात.

2023 साली केंद्राने सेंद्रिय खतास टनामागे 1500 रुपयांचे साहाय्य मंजूर केले, परंतु ते गोबरधन योजनेतील प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या खतास. शेडमागे स्वतः ढीग लावणारा त्यात बसत नाही. माझ्या मते तेच साहाय्य पाचट मिसळून कुजविलेल्या कोंबडखतासही द्यावे. कागदावरचे ढीग उभे राहतील ही शंका रास्त आहे (आपल्याकडे कागदावर विहिरीही खोदल्या गेल्या आहेत), म्हणून रक्कम वजनकाट्याच्या पावतीवर आणि तापमानाच्या नोंदीवर द्यावी. ऊसतोडीचे वेळापत्रक साखर कारखाने आखतातच. फडातच पाचटाची कुट्टी करून गठ्ठे बांधणारे यंत्र त्यांनी तोडीमागोमाग फिरविले, तर वाहतुकीचा भार बराच हलका होईल आणि अंड्यांच्या शेडवाल्यास पाचट विकत घेणे परवडू लागेल.