नंबर लागला, वाहिनी राहिली

दिवाळीच्या आठवड्यात घरातला एकुलता एक सिलिंडर संपला तर काय व्हायचे, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नको. चकलीचा घाणा अर्ध्यावर, शेजारी निरोप, तिथेही नन्नाचा पाढा, मग माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह खाली. ही तऱ्हा गॅस असणाऱ्यांची. बाकीच्यांनी नुसता नंबर लावून ठेवलेला असे. खासदारांकडे कनेक्शनची कुपने असत आणि त्यांच्या दारी लोक खेपा घालत.

ऑक्टोबर 1999 मध्ये उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री झाले, तेव्हा ही प्रतीक्षायादी सुमारे एक कोटी दहा लाखांची होती. मे 2004 मध्ये त्यांनी खाते सोडले तेव्हा नंबर लावण्याची पद्धतच इतिहासजमा झाली होती. जामनगरचा अवाढव्य शुद्धीकरण कारखाना नेमका 1999 मध्येच सुरू झाला आणि देशातला स्वयंपाकाचा गॅस वाढला, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. तरीही गॅस वाढला म्हणून तो आपोआप चुलीपर्यंत पोचत नाही. बाटलीभरणी, वितरक, गाड्या यांची घडी कोणीतरी पाठपुरावा करून बसवावी लागते. डोंगराळ भागांसाठी पाच किलोचा सिलिंडर आणायचे सुचायलाही, डोक्यावरून ओझे वाहणारी बाई डोळ्यांसमोर असावी लागते. आटपाडीच्या दुष्काळी मुलखात वाढलेल्या या मंत्र्याच्या डोळ्यांसमोर ती होती, असे आम्ही मानतो.

इथेनॉलचेही तसेच. 2001 मध्ये मिरज आणि मनमाड इथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला, 1 जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सक्तीचे झाले. पुढे पुरवठ्याअभावी योजना रखडली, पण पाया घातला गेला होता. 2025 मध्ये मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत गेले. आज आपल्या साखर कारखान्यांच्या ताळेबंदात इथेनॉलची जी रक्कम दिसते, तिचे मूळ मिरजेच्या त्या प्रयोगात आहे.

याच कारकिर्दीत पेट्रोल पंपांच्या वाटपाचे प्रकरण गाजले. 2002 मध्ये वाजपेयी सरकारला तीन हजारांहून अधिक वाटपे रद्द करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट आदेश फिरवला, पण चारशेहून अधिक प्रकरणे चौकशी समितीकडे सोपवली. ही नोंद पुसता येणार नाही.

आमचा मुख्य मुद्दा मात्र नैसर्गिक वायूचा आहे. तो सिलिंडरमधल्या गॅससारखा ट्रकवर चढवून गावोगाव पोचवण्याइतका सोपा नाही. त्याला मुख्यतः वाहिनी लागते आणि वाहिनी जिकडे जाईल तिकडे कारखाने जातात. महाराष्ट्राच्या समुद्रात 1974 मध्ये मुंबई हाय सापडले. सुरुवातीची कित्येक वर्षे तिथला बराचसा वायू जाळून टाकला जात होता, कारण तो आणायला पुरेशी सोय नव्हती. पुढे वसईचे नाव मिळालेल्या क्षेत्रातला वायू किनाऱ्याला लागला तो गुजरातेत, हजिऱ्याला. तिथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने तो मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांपर्यंत गेला. उरणला उतरलेला वायू थळ, तुर्भे आणि उरणचे वीजकेंद्र यांच्या आसपासच राहिला. विदर्भ-मराठवाड्याने तो पाहिलाच नाही.

नाईकांच्या काळात हे चित्र बदलण्याची संधी होती. 2002 मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मोठा साठा सापडल्याची घोषणा झाली. रशियातल्या साखालिन-1 प्रकल्पात भारताने वीस टक्के वाटा घेतला. जानेवारी 2004 मध्ये कतारहून द्रवरूप वायूचे पहिले जहाज दहेजला लागले. पण दहेजहून निघालेली मोठी वाहिनी पुन्हा विजयपूरला, उत्तरेकडेच गेली. दहेज-उरण वाहिनी आली 2007 च्या सुमारास. वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक मंडळाचे विधेयक त्यांच्या कारकिर्दीत मांडले गेले, कायदा झाला 2006 मध्ये.

आणि दाभोळ! मे 2001 मध्ये तिथला वीजप्रकल्प बंद पडला आणि शेजारचे द्रवरूप वायूचे टर्मिनल अर्धवट राहिले. त्या प्रकल्पाच्या वीज-कराराचा दोष नाईकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण करार राज्याचा आणि प्रकल्प विजेचा होता. तरी पेट्रोलियम खाते मुंबईच्या माणसाकडे असताना, ते टर्मिनल विजेच्या भांडणातून सोडवून वायूचे बंदर म्हणून उभे करण्याचा आग्रह दिल्लीत धरला जायला हवा होता. ते सुरू व्हायला 2013 उजाडले. घरोघरच्या नंबरासाठी दाखवलेली जिद्द वाहिनीच्या वाट्याला आली नाही, हा आमचा त्या कारकिर्दीवरचा खरा आक्षेप आहे. मतदारांनी मात्र 2004 मध्ये यातले काहीच तोलले नाही. अभिनेते गोविंदा निवडून आले, नाईक पडले.

वाहिनी आली म्हणजे सगळे भले झाले असेही नाही. 1962 च्या कायद्यानुसार शेताखालून वाहिनी नेताना जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेते. त्या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. पिकाचे व इतर नुकसान झाले तर त्याची भरपाई वेगळी. पण त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. ज्वारीच्या रानाला हे एक वेळ चालेल. कोकणातल्या बागायतदाराला आंब्याची ओळ कायमची गमवावी लागते आणि सातबाऱ्यावर जमीन त्याचीच दिसत राहते. गेल्या साठ वर्षांत एकाही पेट्रोलियम मंत्र्याने, नाईकांनीही, हे दहा टक्के वाढवले नाहीत. आता मुंबईहून नागपूरमार्गे झारसुगुड्याकडे जाणारी वाहिनी राज्य आडवे ओलांडते आहे, तेव्हा हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्याच्या दारातही आला आहे.

आपल्या शेताखालून अशी वाहिनी गेली असेल तर नोटीस केव्हा आली, मोबदला किती आणि कधी हाती पडला, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पाने राखून ठेवली आहेत.