तपासणी रोगाची की माणसाची?

अमेरिकेत दहा-बारा वर्षे नोकरी करणारा, नियमित कर भरणारा, मुलांना तिथल्याच शाळेत घातलेला एखादा भारतीय अभियंता ग्रीनकार्डसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याला एक फॉर्म डॉक्टरकडून भरून आणावा लागतो. आय-६९३ असे त्या फॉर्मचे नाव. क्षयरोग आहे काय, उपदंश आहे काय, ठरलेल्या लशी घेतल्या आहेत काय, हे त्यात नोंदवायचे असते. हाच माणूस एच-१बी व्हिसावर पहिल्यांदा विमानतळावर उतरला तेव्हा त्याची छाती कोणीही तपासली नव्हती. दहा वर्षे तो कार्यालयात, बाजारात, रेल्वेत लोकांमध्ये वावरला. त्याच्या खोकल्याची तेव्हा कोणाला चिंता नव्हती. मी आता कायमचा राहतो असे तो म्हणाला आणि लगेच त्याच्या फुफ्फुसाची चौकशी सुरू झाली. ही चौकशी रोगाची आहे की माणसाची, असा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करू इच्छितो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली, भाऊ-बहिणी आज अमेरिकेत आहेत, काहींची जाण्याची तयारी चालू आहे. म्हणून नियम काय आहे ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्याला 'सिव्हिल सर्जन'कडे जावे लागते. आपल्याकडे सिव्हिल सर्जन म्हटले की जिल्हा रुग्णालयाचे मोठे साहेब डोळ्यांसमोर येतात. तिथे या शब्दाचा अर्थ इमिग्रेशन खात्याने या कामासाठी नेमलेला डॉक्टर एवढाच आहे. त्याची फी सरकार ठरवत नाही. प्रत्येक डॉक्टरची फी वेगळी असते, म्हणून चार ठिकाणी विचारून जाणे शहाणपणाचे. दोन वर्षे वा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक अर्जदाराची रक्ताची 'इग्रा' चाचणी होते. ती सदोष आली तर छातीचा एक्स-रे काढतात. एक्स-रे स्वच्छ असेल तर त्या माणसाला सुप्त संसर्ग आहे असे धरतात. म्हणजे जंतू शरीरात आहेत, पण निद्रिस्त आहेत आणि तो दुसऱ्या कोणाला रोग देऊ शकत नाही. अशा माणसाची माहिती स्थानिक आरोग्य विभागाला कळवली जाते, औषध घेण्याचा सल्ला मिळतो, पण त्याचा अर्ज अडत नाही. एक्स-रेमध्ये रोगाची खूण दिसली तर मात्र पुढच्या तपासण्या आणि गरज पडल्यास उपचार झाल्याशिवाय डॉक्टर फॉर्म पूर्ण करत नाही. सगळे झाले की तो फॉर्म सीलबंद पाकिटात देतो. ते पाकीट अर्जदाराने फोडायचे नसते.

भारतातून थेट जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे. त्यांच्या मुलाखती मुख्यतः मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होतात आणि त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. पंधरा वर्षे व त्यावरील प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढतात. संशय आला तर तीन दिवसांचे थुंकीचे तीन नमुने घेतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतातच, शिवाय प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहतात. या दुसऱ्या तपासणीला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. २००७ पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शकावर भागवले जात होते आणि त्यातून अनेक रुग्ण निसटत होते. रोग निघालाच तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोळ्या घेऊन पूर्ण उपचार करावे लागतात. साध्या क्षयरोगाला किमान सहा महिने. मग दार उघडते.

या तपासणीला आमचा विरोध नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. क्षयरोग हा जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी तो जंतू जगापुढे मांडला आणि क्षयाला घराण्याचा शाप किंवा पूर्वजन्मीचे पाप मानणाऱ्यांची तोंडे बंद केली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. २०२४ मध्ये आपल्याकडे दर लाख लोकसंख्येमागे १८७ जणांना हा रोग झाला असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेत हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. अमेरिकेतल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश परदेशात जन्मलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोग वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेल्या जुन्या संसर्गातून उफाळतो. तेव्हा शोध घेण्यात काही गैर नाही. शोध घेण्याची रीतही सुधारली आहे. पूर्वी हातावर टोचून 'माँटू' चाचणी करत. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात. त्यामुळे रोग नसतानाही ती चाचणी फुगत असे आणि दंडावर बीसीजीचा व्रण मिरवणारा निरोगी माणूस उगाच संशयित ठरत असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून अमेरिकेत या कामासाठी रक्ताची चाचणी सक्तीची झाली. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. विज्ञान पुढे गेले की माणसावरचा अन्याय कसा कमी होतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

या नियमात आणखी एक चांगली गोष्ट आहे आणि ती आपल्या समाजाने नेमकी ओळखली पाहिजे. येथे लागलेला शिक्का पुसता येतो. रोग बरा झाला की माणूस मोकळा. जन्मावर लावलेला शिक्का कोणत्या औषधाने निघतो? शिवाशिवीच्या व्यवस्थेने ज्यांना पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्यांना या दोन दारांमधला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

परंतु दार रोगासाठी आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या दाराचा इतिहासही सांगितला पाहिजे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने बंदी केली आणि त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने सरकारवर भार होईल अशा माणसाला परत पाठवण्याची तरतूद केली. १८९१ मध्ये किळसवाण्या व धोकादायक संसर्गजन्य रोगांच्या माणसांना बंदी आली. १९०७ मध्ये क्षयरोगाचे नाव कायद्यात आले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर डॉक्टर ओळीने उभ्या असलेल्या माणसांकडे काही क्षण पाहत आणि संशयिताच्या कोटावर खडूने अक्षर काढत. ही ओळ मात्र सर्वांसाठी नव्हती. पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच सभ्यपणे उरकली जाई आणि त्यांना सहसा थेट शहरात सोडत. बेटावर नेले जाई ते तिसऱ्या वर्गाच्या गरिबांना. जंतू तिकिटाचा वर्ग पाहून छातीत शिरतो काय?

पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात आशियाई माणसांची याहून कठोर झडती झाली. त्यांच्या शौचाचे नमुने घेऊन अंकुशकृमी शोधले जात. अनवाणी पायांनी घाण जमिनीवर राबणाऱ्याला हा कृमी होतो आणि तो औषधाने जातो. तरीही १९१० मध्ये त्याला धोकादायक संसर्गाच्या यादीत घालून भारतीय मजुरांना अडवण्याचे हत्यार करण्यात आले. पुढे १९१७ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियालाच दार बंद झाले, तेव्हा रोगाचे निमित्तही लागेनासे झाले. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. ज्या देशातल्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना बरोबरीचा अनुभव आला, त्याच देशाच्या दारावर खडूची अक्षरे उमटत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत.

हे सारे जुने झाले असे म्हणू नये. एचआयव्हीग्रस्तांवरची प्रवेशबंदी १९८७ मध्ये आली आणि ४ जानेवारी २०१० रोजी उठली. सोबत बसल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग होत नाही हे डॉक्टर कधीपासून सांगत होते. तरी कायदा दोन दशकांहून अधिक काळ भीतीच्या बाजूने उभा राहिला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या नावाने मेक्सिकोच्या सीमेवर आश्रय मागणाऱ्यांना परतवणे सुरू झाले, ते मे २०२३ पर्यंत चालले. त्याच काळात अमेरिकन नागरिक त्या सीमेवरून ये-जा करतच होते.

आता ताजी स्थिती पाहू. २ डिसेंबर २०२४ पासून हा वैद्यकीय फॉर्म मुख्य अर्जासोबतच जोडावा लागतो. ११ जून २०२५ पासून असे ठरले की ज्या अर्जासोबत तो दिला, तो अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला तर फॉर्मही रद्द. पुन्हा तपासणी, पुन्हा फी. आधीच भारतीयांना देशनिहाय मर्यादेमुळे नोकरीच्या ग्रीनकार्डसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे राहावे लागते, त्यात हा भुर्दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर परराष्ट्र खात्याने वकिलातींना अशा सूचना दिल्याचे उघड झाले की स्थलांतराच्या अर्जदाराचा मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणाही विचारात घ्यावा, कारण त्याचा खर्च सरकारवर पडू शकतो. मधुमेह एकाचा दुसऱ्याला होतो काय? येथे संसर्गाचा मुद्दा संपला आणि माणसाच्या किमतीचा हिशोब सुरू झाला. १८८२ चा 'भार' नवे कपडे घालून परत आला आहे.

आणि ज्यांना क्षयरोगाची खरोखर भीती आहे ते काय करतात? २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेने मेक्सिकोतल्या क्षयरोग उपचारावर पैसा खर्च केला तर तिच्याच घरचे रुग्ण घटतील आणि खर्चही वाचेल, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे रोग दारात अडवण्यापेक्षा तो जिथे होतो तिथे बरा करणे स्वस्त पडते. असे असताना जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही संस्था बंद केली. क्षयरोगाच्या कामाला सर्वात मोठी मदत देणारा हाच देश होता. दारावरचा पहारा वाढवायचा आणि दाराबाहेरचा दवाखाना बंद करायचा, याला आरोग्याचे धोरण कसे म्हणावे?

येथे आपल्या देशालाही आरसा दाखवला पाहिजे. मद्रासमध्ये १९५६ नंतर गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतील रुग्णांवर झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याच्या घरच्यांनाही जास्त धोका नसतो. साऱ्या जगाने हा धडा घेतला. तो गरिबांच्या शरीरांवरून मिळालेला आहे. पण आज अमेरिकेला निघालेल्याच्या छातीचा एक्स-रे निघतो, त्याची थुंकी आठ आठवडे प्रयोगशाळेत ठेवली जाते. आणि येथेच राहणाऱ्या सफाई कामगाराचे काय? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक केवळ एक्स-रेमुळे सापडले. त्यांना ठळक लक्षणेच नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे वस्त्यांत नेली गेली. चांगले झाले. पण मोहीम संपते, वस्ती राहते. २०२५ पर्यंत क्षयरोग संपवण्याची घोषणा होती. ती पुरी झाली नाही. झारखंडमधील २०२३ च्या अभ्यासाने दाखवले की रुग्णाच्या घरच्यांना पोटभर सकस धान्य दिले तर त्यांच्यातील नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी घटतो. जंतूला फावते ते भुकेल्या शरीरात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींनी तपासणीला घाबरू नये. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर लपवू नये; उपचाराचे कागद जपून सोबत न्यावेत. सुप्त संसर्ग निघाला तर लाज बाळगू नये, औषध घ्यावे. आणि दोन्ही देशांच्या सरकारांना एकच प्रश्न विचारत राहावे. जी तपासणी दारातून आत येणाऱ्याला लावता, ती दाराबाहेर राहिलेल्याला औषधासकट आणि अन्नासकट केव्हा देणार? हे उत्तर मिळेपर्यंत दारावरची चाचणी अर्धीच राहणार.